शेजारच्या खुर्चीचा अंदाज

आईला पहिली केमो लातूरला दिली तेव्हा मी नांदेडला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. विषय संख्याशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे घरी कुणालाच नीट सांगता यायचं नाही. वडील उदगीरला एका दाळमिलमध्ये कामाला आहेत. ते लोकांना सांगत, "पोरगी आकड्याचं शिकते." आई ब्लाऊज शिवते. तिचं उत्तर जास्त धाडसी होतं. ती सांगायची, "पुढं काय व्हणार ते आधी सांगायचं शिकते." हे ऐकून गल्लीतल्या एक बाई त्यांच्या मुलाची पत्रिका घेऊन आल्या होत्या. मी त्यांना हे तसलं शास्त्र नाही असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग कसलं?" 

केमोच्या आधी डॉक्टर मॅडमनी आईला समोर बसवून सगळं समजावलं. उलट्या होऊ शकतात, तोंड येऊ शकतं, केस जातील, ताप आला तर वाट न बघता फोन करायचा. कुणाला जास्त होतं, कुणाला कमी. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तारखा सांगा."

"कशाच्या?"

"उलटीच्या. लग्नसराई हाय मॅडम. मी गिऱ्हाइकाला तारीख दिली की दिली."

मॅडम म्हणाल्या, नेमकी तारीख कुणालाच सांगता येत नाही. त्यावर आईनं माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षं ही नांदेडला काय करून राहिली, असं त्या बघण्यात स्पष्ट होतं.

त्याच महिन्यात आमच्या सरांनी प्रकल्पाचे विषय मागितले होते. वर्गात कुणी पाऊस घेतला होता, कुणी सोयाबीनचे भाव, एकीनं एसटीला होणारा उशीर. माझी पाळी आली तेव्हा मी जरा अडखळतच म्हणाले, "सर, केमोचा त्रास कुणाला कधी होईल, याचा अंदाज."  सर म्हणाले, "डॉक्टरांची लेखी परवानगी आण. नावं लिहायची नाहीत. आणि समोरचा माणूस जे सांगेल तेच लिहायचं, मनाचं काही घालायचं नाही." हे शेवटचं वाक्य मी फार मनावर घेतलं.

मॅडमनी परवानगी दिली. केमोच्या खोलीत नऊ खुर्च्या होत्या. नावं लिहायची नव्हती म्हणून मी खुर्च्यांना नंबर दिले, आणि पुढं तेच नंबर सगळ्यांच्या तोंडी बसले. आई तीन नंबरवर. चार नंबरवर एक बांगड्यावाल्या आपा बसत. लातूरच्या जुन्या भागात त्यांच्या घरचं पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचं दुकान होतं. त्या कुणाच्याही चेहऱ्याकडे बघण्याआधी मनगटाकडे बघत. दोन नंबरवर निलंग्याकडच्या किराणा दुकानवाल्या काकू. गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून डोळे मिटल्याशिवाय त्या सिस्टरला सुई टोचू देत नसत, आणि सिस्टरही तेवढा वेळ सुई हातात धरून उभ्या राहत. आई कुणाचीही ओळख पाच मिनिटांत करून घेते. पहिली बाटली संपायच्या आत काकू तिला अक्का म्हणायला लागल्या होत्या.

मी फॉर्म तयार करून नेला होता. पुस्तकी मराठीत. 'गत आवर्तनानंतर आपणांस मळमळीची तीव्रता कितपत जाणवली?' काकूंनी तो वाचला आणि विचारलं, "हे पोलिसाचं हाय का?"

मी नाही म्हटलं आणि तोंडी विचारलं, "काकू, मागच्या वेळी त्रास झाला का?"

"बरं हाय."

"उलट्या?"

"बरं हाय की सगळं."

आपांनाही विचारलं. "अल्लाचा करम आहे बेटा, बरं हाय." सात नंबरच्या आजी मांडीवर बादली घेऊन वाकलेल्या होत्या. मी थांबले. त्यांनी तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं हाय, माय. तुझं कसं चाललंय?"

आता मला समजतं की आमच्याकडे या प्रश्नाला हे एकच उत्तर आहे. तब्येत विचारणाऱ्याला खरंच तब्येत सांगत बसलं तर त्याला चहाला थांबवून घ्यावं लागतं. पण तेव्हा सरांचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं होतं. सात नंबरसमोर मी लिहिलं, 'त्रास नाही.' बादलीबद्दल काही लिहिलं नाही, कारण बादलीबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

संध्याकाळच्या एसटीत मी वही उघडली. आई सोडून आठच्या आठ जणी बऱ्या होत्या. मी आईला सांगितलं, "फारसं काही होईल असं वाटत नाही." माझा आवाज जरा अडखळला असेल, पण आईला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी तर तिला भलताच उत्साह आला. केमोबरोबर देतात त्या गोळ्यांनी तसं होतं हे आम्हाला नंतर कळलं. तिनं दोन ब्लाऊज बेतले, भांडी घासली, खिडक्या पुसल्या आणि आठ बायकांना तारखा देऊन टाकल्या.

तिसऱ्या दिवशी ती आडवी झाली. पाणीसुद्धा पोटात राहीना. मी फोनवर मॅडमना विचारत होते आणि दारात गिऱ्हाइकं येत होती. वडिलांनी रजा काढली होती. ब्लाऊज वाटपाचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी आयुष्यात आईच्या कपाटाला हात लावला नव्हता. त्यांनी हिरवी साडी नेसून आलेल्या बाईला हिरवा ब्लाऊज आणि लाल साडी नेसून आलेल्या बाईला लाल ब्लाऊज दिला, रंग बघून. एक बाई अर्ध्या तासात परत आल्या आणि म्हणाल्या, "दादा, यात माझा एक दंड सुद्धा जाईना." वडील म्हणाले, "रंग तर बरोबर हाय की."

आईनं पलंगावरून हे ऐकलं. उलट्यांनी रडली नव्हती, तेव्हा रडली. मग मला म्हणाली, "तू सांगितलं व्हतंस."

मला फार वाईट वाटलं. मी म्हणाले, "सगळ्या बऱ्या आहेत असंच सांगत होत्या."

"तुला इचारता आलं न्हाई," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तीन आठवड्यांनी, दुसऱ्या केमोच्या दिवशी, मी फॉर्म पिशवीतच ठेवला. काही विचारायचा धीरच होत नव्हता.  काकूच आपणहून बोलायला लागल्या, आवाज खाली घेऊन. "ह्या चार नंबरच्या आपांचं काय ऐकलं का? पाच दिवस भाकरीला शिवल्या न्हाईत. सहाव्या दिवशी नुसता ताकभात. आणि तोंड आलेलं आठव्या दिवशी. फोनवर बोलताना मला त्यांची जीभ जड लागली की."

मी पेन उघडलं. नंतर आपांकडे गेले आणि काकूंबद्दल विचारलं. आपांनी इकडेतिकडे बघितलं. "ती? तिचं मनगट बघ. दोन-सहा मापाची बांगडी घालायची, आता दोन-चार पण सैल फिरते. दहा दिवस पाय सुजलेले. सुनेला पण नाही बोलली. मला बोलली."

त्या दिवशी मी एकाही बाईला तिच्याबद्दल विचारलं नाही. प्रत्येकीला शेजारणीबद्दल विचारलं. नऊ खुर्च्यांची माहिती दोन तासांत आली. दिवस, वेळ आणि काय खाल्लं ते सुद्धा. सात नंबरच्या आजींना आठ नंबरच्या जुलाबांचा आकडा पाठ होता. खोलीत कुणी कुणाशी खोटं बोलत नव्हतं. फक्त स्वतःबद्दल बोलायची पद्धत नव्हती.

सरांना मी ही पद्धत भीत भीत सांगितली. ते आधी हसले. मग म्हणाले, "ठीक आहे, पण ही ऐकीव माहिती आहे असं स्वच्छ लिही. आणि नऊ जणींवरून नेमकी तारीख सांगू नकोस. दोन्ही बाजूंना किती दिवस चुकू शकतं ते सांग." हे आईला कसं समजवावं याचा मी बसमध्ये विचार करत होते. आईला मात्र एका वाक्यात समजलं. "म्हणजे शिलाईत माया ठेवतो तसं. अंग वाढलं तर उसवून सैल करायला."

मी तिच्या मशीनजवळ एक कॅलेंडर लावलं. दुसरा ते पाचवा दिवस: शिलाई नाही. सातवा ते बारावा: माप घ्यायला गिऱ्हाइकाच्या जवळ जायचं नाही, कारण तेव्हा अंगातली ताकद उतरते आणि सर्दीखोकला लगेच लागतो. पंधराव्यापासून कटिंग. केसांचं त्यात लिहिलं नाही, ते आधीच गेले होते. पहिल्या केमोपासून सतराव्या दिवसाच्या आसपास केस जातात असं वहीत दिसत होतं, आणि आईचे सोळाव्या दिवशीच जायला लागले होते. हे आईच्या लक्षात होतं. "केस एक दिवस आधी गेले तुझे," ती म्हणाली. जणू मी शिवायला घेतलेलं काम लवकर देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या वेळी अंदाज बराचसा जुळला. गिऱ्हाइकं कॅलेंडर बघून यायला लागली. दारातूनच विचारत, "ताई, उलटीचा आठवडा संपला का?" आई म्हणे, "संपला काल. उद्यापासून टाळू कोरडी पडायची, तवा आत्ताच बोलून घ्या."

लातूरला माझी ख्याती अजून वाढली. मला ती नको होती. काकूंना नातवाच्या बारशाचा दिवस काढून हवा होता. मी केमोनंतरचा अठरावा दिवस सांगितला, दोन दिवस मागंपुढं. त्या दिवशी त्यांनी स्वतः पाळणा हलवला आणि पुढच्या वेळी माझ्यासाठी डब्यात धपाटे आणले. सात नंबरच्या आजींनी तर तळहातच पुढे केला. मी म्हणाले, "आजी, हात नाही बघत मी." त्या म्हणाल्या, "मग पाय बघ." मी त्यांना पुन्हा समजावलं की हा नुसता अंदाज आहे, चुकू शकतो. माझं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "चुकू दे. तू सांग."

आतापर्यंत देत होते त्या लाल औषधाच्या चार केमो संपल्या. आता दुसरं औषध, दर शनिवारी एक, असे बारा शनिवार. आपांचं ते आईच्या सहा आठवडे आधीच सुरू झालं होतं. आईची शेवटची लाल बाटली चालू असताना काकूंनी आपांकडे डोळ्यानं खूण केली आणि आईला सांगितलं, "अक्का, हिच्या हातून बांगड्या सुटतात. बोटाला कळतच न्हाई म्हणं."

 एसटीत खिडकीशी बसल्यावर आई म्हणाली, "म्या आता शनिवारी येणार न्हाई."

"आई."

"केस गेले, जाऊ दे. पदर हाय. बोटाला काय पदर घालू?"

 आई बोटांनी शिवते. मशीन सगळ्यांकडे असतं. तिरका कपडा किती ओढायचा, अस्तर कुठं गोळा झालंय, हे ती बघून नाही, हात फिरवून सांगते. गेली पंधरा वर्षं आमचं घर त्या बोटांवर चाललंय, आणि माझं नांदेडही.

"वहीत बघ," ती म्हणाली. "माझी बोटं जातील का न्हाई, तेवढं सांग. जाणार नसतील तर येते."

मी वही उघडली. दुसरं औषध चाललेल्या चौघीजणी होत्या. दोघींची बोटं बधिर झाली होती, दोघींची नाही. कोणत्या दोघी आणि का, हे कितीही वेळा बघितलं तरी समजत नव्हतं. 'नाही जाणार' एवढं म्हटलं असतं तर आई शनिवारी आली असती. वाक्य तोंडाशी आलंही होतं. पण एकदा माझ्या शब्दावर तिनं आठ बायकांना तारखा दिल्या होत्या.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"मग शिकून काय राहिलीस?"

"हेच की मला माहीत नाही ते सांगायचं."

 नळेगावला गाडी थांबली तेव्हा आई म्हणाली, "लई महाग शिक्षण हाय."

पहिल्या शनिवारी ती आली, पण खुर्चीत बसायच्या आधी मॅडमकडे गेली. मॅडमनी लपवाछपवी केली नाही. बोटं बधिर होऊ शकतात, कुणाची होतील ते आधी नक्की सांगता येत नाही. सुरुवातीलाच कळलं तर औषध कमी करता येतं, एखादा आठवडा थांबताही येतं. उशिरा कळलं तर मात्र बधिरपणा हळूहळू जातो, कधी थोडा राहतोही. "म्हणून मला खरं सांगायचं," मॅडम म्हणाल्या.

"सांगीन की," आई म्हणाली. मी आणि मॅडमनी एकमेकींकडे बघितलं.

मग मी परीक्षा काढली. दर शुक्रवारी आईनं डोळे मिटायचे आणि मी तिच्या हातात एकेक तुकडा द्यायचा. रुबिया, खण, सॅटिन, अस्तराचा कपडा, जरीचा काठ. तिनं नाव सांगायचं. तिला विचारण्यापेक्षा बोटांना विचारलं की उत्तर खरं येईल, असा माझा हिशोब होता. पहिल्या शुक्रवारी पाचपैकी पाच. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या शुक्रवारीही पाचपैकी पाच. मी आनंदानं सरांना फोन करून सांगितलं.

पाचव्या शनिवारी मी ही परीक्षा तुकड्यांच्या नावांसकट आपांनाही सांगितली. त्यांचा अकरावा शनिवार होता. त्यांनी मान हलवली, पर्स उघडली आणि आईच्या हातात दोन बांगड्या ठेवल्या. "डोळे मीट. काच कोणती, प्लास्टिक कोणतं?"

आईनं डोळे मिटले आणि दोन्ही बांगड्या हळूच एकमेकींवर वाजवल्या.

"आवाज नाही करायचा," आपा म्हणाल्या. "नुसता हात लाव."

आई थांबली. बराच वेळ तिचा अंगठा बांगडीवरून फिरत राहिला. मग तिनं डोळे उघडले. "हे काय खेळ लावलेत आपा, सुई टोचायची वेळ झाली."

आपा माझ्याकडे वळल्या. "बेटा, मला माहीत हाय, तुझी माँ खण चुरगाळून ऐकते. सॅटिन गालाला लावून बघते. जरीचा वास घेते. काठाला नख लावते. मी पण असंच केलं ना. गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवताना किणकिण ऐकून काच ओळखायची. मॅडमला बोलले बरं हाय. आता कुडत्याचं बटण सून लावते."

मला शुक्रवार आठवले. डोळे मिटून आई प्रत्येक तुकडा आधी मुठीत चुरगाळत होती, आणि मी वही मांडीवर घेऊन समोरच बसले होते. वहीत मी पाचपैकी पाच लिहीत होते.

"आपा, तुम्ही तुमचं बघा," आई म्हणाली.

"मी तुझंच बघणार," आपा म्हणाल्या. "माझं कुणी बघितलं नाही." आणि तिथूनच त्यांनी सिस्टरला हाक मारली, "सिस्टर, मॅडमला बोलवा. तीन नंबर झूठ बोलून राहिली."

मॅडम आल्या. आईनं आधी बरं हाय म्हणून बघितलं. काकू दोन नंबरवरून म्हणाल्या, "मागच्या हप्त्यात तिच्या हातातला चमचा पडला, मी बघितला." सात नंबरच्या आजींनी काहीच बघितलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "हाव, हाव." शेवटी आईनं हात पुढे केला. तीन बोटांची टोकं बधिर, दोन आठवड्यांपासून. मॅडमनी त्या दिवशी औषध दिलं नाही. पुढच्या शनिवारपासून कमी करून दिलं. आई त्या दिवशी रिकाम्या हातानं खुर्चीत बसून होती आणि आपांशी बोलली नाही. जाताना मात्र आपांच्या कुडत्याचं वरचं बटण तिनंच लावून दिलं, तेही चुकीच्या काजात.

बारा शनिवार पूर्ण झाले. माझ्या प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, निष्कर्ष काय. मी म्हणाले, "अंदाज थोडाच बांधता येतो. पण त्रास लवकर कळायचा असेल तर शेजारच्या खुर्चीला विचारावं." ते म्हणाले, हे सूत्रात कसं मांडणार. मी म्हणाले, अजून जमलं नाही. त्यांनी पास केलं.

आईची दोन बोटं महिनाभरात सुधारली. उजव्या हाताचं मधलं बोट मात्र तसंच राहिलं. हातशिलाई तिनं बंद केली. सुट्टीत मी करायची आणि ती उसवायची. मॅडमनी सांगितलं होतं, वेळ लागेल, किती ते सांगता येणार नाही. या वेळी आईनं तारीख मागितली नाही.

मी एमएस्सीला लागले त्या वर्षी, वर्गात तास चालू असताना तिचा फोन आला. दुपारी ती कधी फोन करत नाही.  परवानगी न विचारताच बाहेर पळाले.

"काय झालं?"

"सुई टोचली."

"कुठं?"

"मधल्या बोटाला. टोकाला."

"रक्त आलं का?"

"आलं की. दुखलं बी." ती जरा थांबली. "लई न्हाई. पण दुखलं."

 मी विचारलं, "परत टोचून बघितलंस का?"

"तीनदा," आई म्हणाली. "ब्लाऊजला डाग पडला, गिऱ्हाईक उभं हाय. ठेवते. आपाला तू फोन कर, मी केला तर ती रडंल."